मुळशी तलावाची सायकल परिक्रमा, सामान लादून, दोन दिवसात: कुठून घुसायचं आणि कुठून निघायचं?

चाकफिरे
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या. पुण्यात कोथरूडला राहतो. सिंहगड पायथा, खडकवासला, पानशेत हे सगळं बऱ्याचदा झालंय, पण ते म्हणजे जायचं, पोहे खायचे, परत यायचं. आता मला खरं टूरिंग करायचंय म्हणजे मागे कॅरिअर, दोन बॅगा, एक रात्र बाहेर. डोक्यात आहे मुळशी तलावाला पूर्ण वळसा. नकाशात बघितलं तर पौड, मुळशी, ताम्हिणी, मग निव्याहून उजवीकडे पिंपरी, भांबर्डे, सालतर, आंबवणे, लोणावळा, आणि तिथून जुन्या हायवेनं घरी. पावणेदोनशे किमीच्या आसपास होतंय. सायकल हायब्रीड, टायर ३८ चे, मागची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) ११ ते ३४ दात्यांची. नोव्हेंबरच्या शेवटी जायचा विचार आहे. प्रश्न दोनच: दिशा बरोबर आहे का आणि रात्री थांबायचं कुठे. तंबू घेऊ का?

संथगती
दिशा उलटी करा.

चाकफिरे
इतकंच? कारण तरी सांगा राव.

संथगती
सांगतो, ऑफिसात होतो. पहिलं कारण वारं. दुपारनंतर घाटमाथ्यावर कोकणाकडनं वारं वर यायला लागतं. तुम्ही दुपारी ताम्हिणीकडे तोंड करून चालला असाल तर ते छाताडावर, आणि मागे दोन बॅगा म्हणजे दोन शिडंच लावल्यासारखं. उलटं केलंत, म्हणजे लोणावळ्याच्या बाजूनं खाली येऊन निव्याहून दुपारी पुण्याकडे निघालात, तर तेच वारं ढकलतं आणि ऊनही पाठीवर असतं, डोळ्यात नाही. दुसरं कारण कुणी लक्षात घेत नाही. आपण चालतो रस्त्याच्या डाव्या बाजूनं. घड्याळाच्या उलट्या दिशेनं वळसा घातला की तलाव कायम डाव्या हाताला राहतो. पाणी बघायला, थांबायला, फोटोला रस्ता ओलांडायला नको. ताम्हिणी रोडवर शनिवार रविवारी गाड्या ज्या स्पीडनं येतात ते बघता रस्ता जितका कमी ओलांडाल तितकं बरं.

घाटवेडा
संथगतीला अनुमोदन, पण लोणावळा कशाला?? पुण्याहून जुन्या हायवेनं लोणावळा म्हणजे कंटेनर, डंपर आणि धूर, त्यात टूरिंग कसलं आलं. पौडला या, पौडवरनं उजवीकडे कोळवण रस्ता धरा. हाडशीच्या बाजूनं पुढे गेलात की तिकोना किल्ला समोर उभा राहतो, जवण, तिकोना पेठ आणि मग पवना धरणाचं पाणी. तिथून काठाकाठानं तुंग किल्ल्याच्या बाजूला जायचं आणि वर चढून घुसळखांब. घुसळखांबला लोणावळ्याकडनं येणारा रस्ता मिळतो, तिथे डावीकडे आंबवणे. म्हणजे एका फेरीत दोन तलाव होतात आणि हायवेचं तोंडही बघावं लागत नाही. किमी जवळपास तेवढेच. चढ मात्र जास्त आहेत हे कबूल करतो, घुसळखांबचा चढ सामानासकट जीव काढतो. मी उतरून ढकललीये, लाज नाही वाटत सांगायला.

सायकलवाली
ढकलणे हाही गिअरच आहे :)

पंक्चरकाका
चाकफिरे, ११-३४ ठीक आहे पण पुढे काय आहे ते लिहिलं नाहीस. पुढची सगळ्यात लहान चकती २८ किंवा ३० ची असेल तर पॅडलच्या एका फेरीला मागचं चाक एकापेक्षा जास्त फिरत नाही एवढं तरी गणित बसतं, सामानासकट घाट चढायला तेवढं लागतंच. पुढे ३८ असेल तर गुडघ्यांची काळजी घे. आणि सगळं वजन मागे टाकू नकोस बाबा, चढावर पुढचं चाक उचलल्यासारखं होतं. पाणी आणि हत्यारं फ्रेमच्या मधे, कपडे मागे. जास्तीच्या दोन ट्यूब, पॅच, चेनची जोडकडी, आणि ब्रेक पॅड नवीन टाकून निघ. रिम ब्रेक असतील तर लांब उतारावर सतत दाबून ठेवायचे नाहीत, रिम तापते. दाब, सोड, दाब, सोड. मी एकदा उतारावर खाली येऊन रिमला बोट लावलं होतं, फोड आला होता.

रानवारा
तंबूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पवनेच्या काठावर तंबू लावायचा मोह होईल पण शनिवारी रात्री तिथे जाऊ नका. सगळा काठ तंबूवाल्यांनी भरलेला असतो, स्पीकर, बार्बेक्यू, पहाटेपर्यंत नाचगाणी. झोप नावाला नाही. मी एकदा बारा वाजता तंबू गुंडाळून अंधारात पुढच्या गावच्या देवळात जाऊन झोपलोय. आणि मुळशीच्या काठाला वाट्टेल तिथे उतरता येत नाही, बरीच जागा धरणवाल्यांची नाहीतर खाजगी, कुंपणं आहेत. शिवाय ताम्हिणीचा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, जंगलात चूल पेटवून बसायचं नाही. तंबू घरी ठेवा, दोन किलो वाचतील. तैलबैलाला राहा. रस्त्यावरनं फाटा आहे, थोडं आत जावं लागतं, पण तिथल्या त्या दोन उभ्या कातळभिंती संध्याकाळच्या उन्हात बघायच्या म्हणजे काय ते शब्दात नाही सांगता येत. गावात घरी जेवणाची राहण्याची सोय करतात, ट्रेकर आणि कातळ चढणारे येतात त्यामुळे त्यांना सवय आहे. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, आयत्या वेळी जाऊन चार माणसांचं जेवण मागायचं नाही.

चाकफिरे
वा, हे भारी आहे. पुढची चकती २८, काका. तंबू रद्द. पण चांदणी चौक ते पौड? ते भूगावचं ट्रॅफिक बघून रोज ऑफिसला जातानाच जीव जातो.

घाटवेडा
पहाटे पाचला निघा. सातनंतर भूगाव, भुकुम, पिरंगुट म्हणजे कंपन्यांच्या बस, डंपर, टँकर. पिंपरी चिंचवड बाजूचे लोक हिंजवडी, माण करून घोटावडे फाट्याला येतात, त्यांचा पिरंगुटचा घाट टळतो. कोथरूडहून ते उलटं पडेल. मागे लाल लाइट लुकलुकणारी नको, स्थिर आणि मोठी लावा, अंगावर चमकणारं जाकीट घाला. बाकी देव आहे.

भटकभवानी
पावसाळ्यात का नाही जात?? ताम्हिणी पावसाळ्यातच बघायची. नोव्हेंबरमधे काय बघणार, सुकलेलं गवत?

संथगती
भवानी, गाडीनं बघायला पावसाळा ठीक. ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्याच्या कितीतरी पट. धुक्यात दहा फुटावरचं दिसत नाही, त्यात वीकेंडला धबधब्यावर नाचणाऱ्या पब्लिकच्या गाड्या रस्त्यात तिरक्या लावलेल्या असतात. आणि अलीकडे दरवर्षी काही धबधब्यांवर, कड्यांवर जायला बंदी घालतात ते उगीच नाही, माणसं वाहून जातात. सायकलला ऑक्टोबर संपता संपता ते जानेवारी सगळ्यात चांगलं. तळं भरलेलं असतं, हवा स्वच्छ असते, गवत पिवळं पडायला लागतं ते तर मला हिरव्यापेक्षा जास्त आवडतं. प्रत्येकाची आवड.

सायकलवाली
पवनेसाठी मात्र उन्हाळ्याचीही एक फेरी करा. पाणी खाली गेलं की मार्च एप्रिलनंतर वाघेश्वराचं देऊळ बाहेर येतं, दगडी, जुन्या बांधणीचं. एरवी वर्षातले सात आठ महिने पाण्याखाली. मी एका एप्रिलमधे गेले होते, भेगाळलेल्या गाळावरनं चालत जावं लागतं, सायकल काठावर ठेवून. मधमाश्यांचं पोळं होतं वर आणि आत गार सावली. तासभर नुसती बसून होते.

मुळशीकर
नमस्कार. आमचं मूळ घर मुळशी पेट्यातलं म्हणून लिहितोय, राग मानू नका. वर सगळे "पाणी बघायला" "काठाकाठानं" लिहितायत, तर ते पाणी काय आहे ते पण माहीत असावं म्हणून सांगतो. टाटांनी मुळा आणि निळा नद्यांचं पाणी अडवलं वीज करायला. आमच्या पेट्यातली बावन्न गावं त्यात बाधित. १९२१ साली रामनवमीला, १६ एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते आणि लोक त्यांना सेनापती म्हणायला लागले ते याच लढ्यातनं. तीनेक वर्षं चालला तो लढा. धरण झालंच. शाळेच्या पुस्तकात दोन ओळीत येतं, आमच्याकडे घराघरात आहे ते. माझी आजी म्हणायची की तिच्या सासूला विचारलं माहेर कुठलं तर ती तलावाकडे बोट करायची.

आणि आणखी एक गोष्ट. मुळेचं पाणी खरं तर पूर्वेकडे वाहणारं, भीमेतून कृष्णेत, मग बंगालच्या उपसागरात जाणारं. धरणातनं ते बोगद्यानं सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला खाली सोडतात, वीज होते, आणि मग कुंडलिका नदीतून अरबी समुद्रात. म्हणजे कोलाडला तुम्ही जे राफ्टिंग करता ना सकाळी सकाळी, ते आमच्याच तळ्यातलं पाणी, वीज करून सोडलेलं. पुण्याला उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की मुळशीचं पाणी इकडे आणा म्हणून पेपरात दरवर्षी येतं. गावातल्या बाया मात्र तळ्याच्या काठावर राहून मे महिन्यात टँकरची वाट बघतात, ते येत नाही फारसं.

सायकलवाले आम्हाला आवडतात, हॉर्न वाजवत नाहीत, दुकानात थांबून चहा घेतात. फक्त बिस्किटाचे पुडे खिशात घालून न्या.

चाकफिरे
मुळशीकर, मनापासून आभार. हे काहीच माहीत नव्हतं. मी तर लहानपणापासून मुळशी म्हणजे सहल असंच समजत होतो.

रानवारा
मुळशीकर, विंझाईबद्दल पण लिहा की.

मुळशीकर
विंझाई देवी ताम्हिणी गावात, रस्त्याला लागूनच. आसपास देवराई आहे, तोडत नाहीत. शेकरू दिसतं सकाळी लवकर गेलात तर, नाही दिसलं तर आवाज तरी येतोच. निव्याहून पुण्याकडे येताना थांबा तिथे, पाणीही मिळेल. आणि निवे फाट्याला वळताना लक्ष ठेवा, लोणावळ्याकडनं येताय तर डावीकडे पुणे. उजवीकडे उतरलात तर खाली विळे, मग कोकणात जेवायला जावं लागेल.

भटकभवानी
हे आमच्या ग्रुपमधल्या एकानं खरंच केलंय. उताराच्या नादात पार खाली. मग टेम्पोत सायकल टाकून वर. आम्ही अजून त्याला कोकणचा राजा म्हणतो.

नवशिक्या
मधेच विचारतो, सॉरी. माझी साधी बिनगिअरची सायकल आहे, मला असं काही करता येईल का? एवढं नाही पण तळ्याकाठी?

पंक्चरकाका
येईल की. खडकवासल्याहून पानशेत कर. धरणाच्या कडेकडेनं रस्ता आहे, चढ छोटे छोटे. पानशेत आणि वरसगाव, दोन्ही धरणांच्या भिंती शेजारीशेजारी. सकाळी जा, खडकवासला चौपाटीवर कणसं भज्यांची गर्दी व्हायच्या आत परत ये. आमच्या लहानपणी पानशेत म्हटलं की घरातले मोठे गप्प व्हायचे, १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि अर्धं पुणं पाण्यात गेलं, आमचं शनिवारातलं घर पहिल्या मजल्यापर्यंत. आई सांगायची पाणी उतरल्यावर पितळी भांडी गाळात हातानं चाचपून शोधली. असो, भरकटलो. जा तू, बिनगिअरची असली तरी जा.

घाटवेडा
चाकफिरे, खाण्याचं बघून ठेव. पौडला सकाळी सातला मिसळ, वडापाव मिळतो. मग पवनानगरच्या बाजूला गेलास तर ठीक नाहीतर तुंगच्या बाजूला फार काही नाही. आंबवण्याला, कोरीगडच्या पायथ्याला पेठ शहापूरला दुकानं, चहा, मॅगी आहे. तिथे पाणी भरून घे, तीन लिटर तरी ठेव, कारण सालतरच्या पुढे निव्यापर्यंत दुकान सापडेलच असं नाही आणि मोबाइलची रेंज येते जाते. घरी आधीच सांगून ठेव की फोन लागला नाही तर पोलिसात जाऊ नका. माझ्या बायकोनं एकदा अर्ध्या ग्रुपला उठवलं होतं रात्री अकराला.

सायकलवाली
आणि एकटी बाई म्हणून मला विचारतात बरेचदा तर इथेच सांगते. मी हा रस्ता तीनदा केलाय, एकदा एकटीनं. भांबर्डे, तैलबैला भागात गावातल्या लोकांनी कधी त्रास दिलेला नाही. त्रास झाला तो आंबवण्याच्या अलीकडे वीकेंडला पुणे मुंबईकडच्या गाडीवाल्यांचा, खिडकीतनं ओरडणं, अंगावर गाडी घालणं. म्हणून मी आता मंगळवार बुधवार बघते. सुट्टी टाका, सरळ.

*(तीन आठवड्यांनी)*

चाकफिरे
झालं!! मंडळी झालं. सगळ्यांचे आभार आणि आता थोडा मोठा वृत्तांत, पाय दुखतायत म्हणून बसूनच आहे.

सुट्टी टाकून मंगळवार बुधवार केला (सायकलवाली ताई, दंडवत). मी आणि एक मित्र. पहाटे पाचला चांदणी चौक, पिरंगुटचा घाट अंधारातच संपला, पौडला उजाडलं. कोळवण रस्त्याला वळलो आणि एकदम आवाजच गेला. म्हणजे खरंच, कानातनं काहीतरी काढल्यासारखं. भातं कापून झालेली, खाचरात पेंढ्या उभ्या, आणि तो वास येत होता, इंद्रायणी की आंबेमोहर काय ते मला कळत नाही पण मित्र म्हणाला की मावळात इंद्रायणीच असणार, वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली जात आहे म्हणाला. तो शेतीखात्यात आहे त्यामुळे दिवसभर हेच चाललं होतं.

कोळवण सोडल्यावरचा चढ आम्ही हसत खेळत केला आणि वाटलं की लोक उगीच घाबरवतात. मग घुसळखांबचा आला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ढकलली. दोघांनी. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर गवताचा भारा घेऊन आम्हाला मागे टाकून पुढे गेले आणि वर जाऊन आमची वाट बघत बसले होते, "आलं का पोरांनो" म्हणाले. पण वर पोचल्यावर मागे वळून बघितलं, पवनेचं पाणी, एका अंगाला तुंगचं टोक, पलीकडे तिकोना, लांब लोहगड आणि विसापूर. अर्धा तास तिथेच गेला.

पेठ शहापूरला मॅगी खाल्ली, पाणी भरलं, सालतरच्या खिंडीनंतर रस्ता काही ठिकाणी पार उखडलेला होता, ३८ चे टायर होते म्हणून निभावलं. बारीक टायरवाल्यांनी जपून. मित्राचं एक पंक्चर तिथेच, काका, तुमच्या दोन ट्यूबमधली एक कामी आली. संध्याकाळी पाचला तैलबैला. रानवारा म्हणाले ते बरोबर आहे, सांगता येत नाही. भिंती आधी पिवळ्या, मग केशरी, मग एकदम करड्या झाल्या, कुणी दिवा मालवल्यासारख्या. रात्री जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि दूध. ज्या घरी राहिलो तिथल्या आजींनी आमच्या सायकलींना हात लावून बघितलं आणि विचारलं, एवढ्या पैशात गाडी नाय का आली? मित्र म्हणाला आली असती. मग का घेतली नाय, म्हणाल्या. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भांबर्डे ते निवे हा सगळ्यात सुंदर तुकडा. घनगडाचा फाटा गेला, मग जंगल, मधेच डाव्या हाताला तळ्याचं एखादं बोट आत आलेलं दिसतं, मग परत जंगल. दोन तासात चार मोटरसायकली आणि एक एसटी, बस. पिंपरीच्या अलीकडे रस्त्यातनं भेकर आडवं गेलं, इतकं जवळून की ब्रेक दाबायचं सुचलं नाही. निव्याला डावीकडेच वळलो :) विंझाईला थांबलो, शेकरू दिसलं नाही, आवाज आला. आणि संथगती, वारं! एक वाजल्यापासून अक्षरशः मागनं कुणीतरी हात लावून ढकलतंय असं. तळं डावीकडे, ऊन पाठीवर. तुमचा शब्द न शब्द खरा.

मुळशीच्या काठावर एका ठिकाणी थांबलो तेव्हा मित्राला मुळशीकरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. मग बराच वेळ आम्ही फोटो काढले नाहीत. का ते माहीत नाही. बिस्किटाचा पुडा होता, खिशात घातला.

एकूण १७२ किमी झाले माझ्या घरापासून घरापर्यंत. भूगावला संध्याकाळी सहाला अडकलो, त्या शेवटच्या दहा किमीला दीड तास लागला आणि दोन दिवसात मिळवलेलं सगळं तिथे घालवलं.

संथगती
छान लिहिलंय. भूगावसाठी उपाय नाही. पौडला जेवून रात्री नऊला निघायचं, नाहीतर सोसायचं.

नवशिक्या
मी पानशेत केलं काका! बिनगिअरची! पाच तास लागले.

पंक्चरकाका
शाब्बास रे. आता चेनला तेल घाल.

चाकफिरे
एक राहिलंच. निघताना त्या आजींनी वाटेत खायला भाकऱ्या आणि चटणी एका स्टीलच्या डब्यात बांधून दिली. आम्ही निव्याला खाल्ली आणि डबा बॅगेत तसाच राहिला, घरी आल्यावर लक्षात आलं. झाकणावर नाव कोरलेलं आहे, लग्नातला दिसतोय. पुढच्या आठवड्यात परत द्यायला जातोय, सायकलनंच. कुणी येतंय?

मुळशीकर
डबा रिकामा नेऊ नका म्हणजे झालं. आमच्याकडे चालत नाही.

चाकफिरे
आई कालपासून डिंकाचे लाडू करतीये. बुधवार, पहाटे पाच, चांदणी चौक.

सायकलवाली
मी आहे. घुसळखांबला लाडू मोजून घेईन.